नाताळचा निरोप दाराबाहेर जाऊ द्या

माननीय पाळकसाहेब, पंच कमिटीचे सर्व सभासद आणि नाताळ कार्यक्रम समिती यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

गेल्या रविवारी भक्तीच्या शेवटी सेक्रेटरींनी जी सूचना वाचून दाखवली, तिच्याबद्दल हे पत्र आहे. सूचना अशी होती: यंदा कॅरल पार्टी, म्हणजे नाताळची गाणी म्हणत भेटी देणारा आपला गट, रुग्णालयात, वृद्धाश्रमात आणि कारागृहात जाणार नाही. त्याऐवजी २४ डिसेंबरच्या संध्याकाळी मंडळीच्या (चर्चच्या) आवारात भव्य कार्यक्रम होईल. प्रवेश पासवर, आणि पास प्रत्येक कुटुंबाला ठरल्याप्रमाणे. कारणं चार सांगितली गेली: वेळ नाही, खर्च झेपत नाही, बाहेर जाऊन बोलायला तयारीची माणसं नाहीत, आणि गैरसमज टाळायचे आहेत. मग आशीर्वाद झाला, लोक उठले. मला त्या दिवशीचा आमेन म्हणता आला नाही.

मी रीतसर अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता उघड लिहिते आहे. शिवाय असा ठराव करणारी आपली मंडळी एकटी नाही. इतर मंडळ्यांतल्या ओळखीच्यांशी बोललं की थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. आवारातला कार्यक्रम दरवर्षी मोठा होतो, बाहेरच्या भेटी दरवर्षी कमी होतात, आणि शेवटी एके वर्षी कुणीतरी ठराव मांडून त्या बंदच करतं. तेव्हा हे पत्र त्यांनीही वाचावं.

मी गायनवृंदात आल्टो गाते आणि शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, शिकवते. कॅरल पार्टीबरोबर लहानपणापासून जाते आहे. एका वर्षीचा पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड मला विसरता येत नाही. सिस्टरांनी दारातच बजावलं होतं, "हळू म्हणा, शेवटच्या खाटेवरचा पेशंट आत्ताच ऑपरेशनमधून आलाय." आम्ही जवळजवळ गुणगुणतच गायलो. मधल्या एका खाटेवर एक हडकुळे गृहस्थ होते. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटाने खाटेच्या दांडीवर ठेका. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "ज्या बाळाचं गाणं म्हणता त्याला पुढे मारलं ना?" आम्ही हो म्हटलं. "मग जन्माचं कौतुक कशाला?" आमच्यातल्या एकालाही चटकन उत्तर सुचलं नाही. आमच्यातले सर्वांत वयस्कर सभासद स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले आणि आम्हाला म्हणाले, तुम्ही पुढच्या वॉर्डात जा. त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मी कधी विचारलं नाही. पण नाताळच्या उपदेशात ज्या प्रश्नाला आपण वर्षानुवर्षं वळसा घालतो, तो तिथे झोपलेल्या माणसाने सरळ विचारला होता, आणि आपल्या मंडळीतलं कुणीतरी तो ऐकायला तिथे होतं. ठरावाने बंद केलंय ते हे.

आता कमिटीच्या निर्णयातल्या न पटलेल्या गोष्टी सांगते. सगळ्यांना सारखंच लांबण लावत नाही, कारण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

सर्वांत मोठी तक्रार अशी की या ठरावाने नाताळ म्हणजे आपला घरचा सण ठरवून टाकला आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आपण दरवर्षी वाचतो. जन्माची बातमी पहिल्यांदा गेली ती रानात, मेंढरांची राखण करत रात्र काढणाऱ्यांकडे. यरुशलेम तिथून दहाएक किलोमीटरवर. मंदिर तिथे, याजक तिथे, शास्त्री तिथे. देवदूताने ती वाट धरली नाही. आणि मेंढपाळांना जी खूण दिली ती तरी काय? बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं बाळ. तारणारा जन्मला म्हणायचं आणि पुरावा म्हणून गुरांच्या चाऱ्याची जागा दाखवायची. एवढ्यावर ते रातोरात निघाले. विश्वासाची व्याख्या मला कुणी मागितली तर मी ही वाट दाखवीन. पाहिल्यावर पटणं निराळं. ते पाहण्याआधी उठले. बाळाला पाहिल्यावर त्यांनी ते इतरांना सांगितलं. 'जा आणि सांगा' असा हुकूम देवदूताच्या तोंडी लूकने कुठेच दिलेला नाही. न सांगता त्यांना राहवलं नाही. सांगून झाल्यावर ते देवाचा गौरव करत आपल्या कळपांकडे परत गेले. त्यांनी कमिटी नेमल्याचं काही दिसत नाही. (हे थोडं खोचक झालं, पण राहू देते.)

याच्या उलट चित्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पूर्वेकडून आलेले मागी लोक (ताऱ्यांचे जाणकार) नव्या राजाचा जन्म कुठे झाला असं यरुशलेमेत विचारत हिंडतात. हेरोद राजा मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो. ते क्षणात उत्तर देतात: बेथलेहेम. मीखा संदेष्ट्याचं वचन त्यांना तोंडपाठ. उत्तर अगदी बरोबर. पण त्यांच्यापैकी कुणी उठून बेथलेहेमला गेल्याची नोंद मत्तयाने केलेली नाही. गेले ते परदेशी, ज्यांना हे वचन दुसऱ्याकडून ऐकावं लागलं. पाळकसाहेब, आपली शब्बाथ शाळेची मुलं वचनं पाठ म्हणण्यात दरवर्षी बक्षिसं आणतात, मला त्याचा अभिमान आहे. पण त्यांनी ती वचनं घेऊन जायचं कुठे, हे त्यांना दाखवण्याची जी एक संधी वर्षातून मिळत होती, तीच आपण काढून घेतली.

'तयारीची माणसं नाहीत' हे कारण तर मला कळलंच नाही. नाताळच्या गोष्टीत मरियेचा पती योसेफ किती बोलतो? चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एकही शब्द लिहिलेला नाही. त्याला स्वप्नात सांगितलं जातं आणि तो उठतो: मरियेला घरी आणतो, बाळाला आणि आईला घेऊन रात्रीच मिसरला (इजिप्तला) निघतो, हेरोद मेल्यावर परत येतो. बोलण्याचं काम दुसऱ्यांनी केलं. आणि मरियेने दूताला होकार दिल्यावर पहिलं काय केलं? ती घाईने डोंगराळ प्रदेशात अलिशिबेकडे गेली. अलिशिबा वयाने मोठी, उतारवयात गरोदर राहिलेली. मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहिली. म्हणजे जन्माच्याही आधी हा निरोप पहिल्यांदा पोटात घेऊन कुणी निघालं, ते एका नातेवाईक बाईला भेटायला. तिथे प्रवचन झालं नाही. दारात सलाम झाला आणि अलिशिबेच्या पोटातल्या बाळाने उडी मारली. आपल्या महिला मंडळातल्या कितीतरी जणी अशी भेट उत्तम देऊ शकतात. त्यांना माइक दिला तर त्या घाबरतील हे खरं. माइक मागतंय कोण?

खर्चाचं कारण ऐकून मात्र मी खरोखर चकित झाले. रुग्णालयात जायला काय लागतं? गाणारी माणसं, एखादी गिटार, जाण्यायेण्याची सोय. आवारातल्या कार्यक्रमाला स्टेज, लायटिंग, साउंड, स्क्रीन, कमान, छापील पास आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या. खर्च झेपत नाही म्हणून स्वस्त गोष्ट बंद करून महाग गोष्ट सुरू करायची, हा हिशेब ट्रेझररसाहेबांनी एकदा फळ्यावर मांडून दाखवावा. गव्हाणीचा देखावाही यंदा तयार फायबरचा आणि आत दिवे लावलेला येणार असं कळलं. देखाव्याला माझा विरोध नाही. पण ही प्रथा लोकांत रुजली कशी ते समितीने आठवावं. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावाजवळ डोंगरात नाताळची उपासना मांडली. गवत आणलं, खरा बैल आणि खरं गाढव आणलं, आणि आजूबाजूची माणसं मशाली, मेणबत्त्या घेऊन चढून आली. बेथलेहेमातल्या बाळाची गैरसोय डोळ्यांनी पाहता यावी, एवढाच त्याचा हेतू होता. गैरसोय दिसावी म्हणून जी गव्हाणी देवळाबाहेर मांडली गेली, ती आता आपण सोयीसाठी आवाराच्या आत बंदिस्त करतो आहोत.

गाण्याचंच घ्या. 'सायलेंट नाइट' या नावाने जगाला माहीत असलेलं गीत आपला गायनवृंद चार आवाजांत म्हणतो. त्याचे शब्द योसेफ मोर नावाच्या तरुण धर्मगुरूने १८१६ मध्ये लिहिले. दोन वर्षांनी, २४ डिसेंबर १८१८ ला, शाळामास्तर आणि ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रुबर यांनी त्याला चाल लावली, आणि त्याच रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या छोट्या देवळात ते दोघांनी गिटारवर गायलं. उंदरांनी ऑर्गन कुरतडला होता वगैरे कथा बहुधा मागाहून जोडलेली. गिटार मात्र खरी. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते पुढचं. हे गीत त्या देवळाबाहेर पडलं ते ऑर्गन बांधणाऱ्या एका कारागिरामुळे. तो ते आपल्या खोऱ्यात घेऊन गेला. तिथली गाणारी कुटुंबं हिंडत हिंडत ते युरोपभर आणि १८३९ मध्ये न्यूयॉर्कपर्यंत घेऊन गेली. ते ओबर्नडॉर्फच्या आवारातच राहिलं असतं तर आज आपल्या गीतपुस्तकात नसतं.

वेळेच्या कारणाबद्दल थोडक्यात. २५ तारखेला सगळे घरी असतात, २४ ला कार्यक्रम असतो, म्हणून भेटींना वेळ नाही, असं सांगण्यात आलं. नाताळ म्हणजे एकच दिवस असं कुणी सांगितलं? २५ डिसेंबरची जुन्यात जुनी पक्की नोंद रोममध्ये ३५४ साली संकलित झालेल्या एका पंचांगात सापडते. आर्मेनियन मंडळी आजही जन्माचा सण ६ जानेवारीला पाळते. जुनं ज्यूलियन कॅलेंडर पाळणाऱ्या मंडळ्यांचा नाताळ आपल्या ७ जानेवारीला येतो. आणि पाश्चात्त्य परंपरेतही नाताळचा काळ २५ डिसेंबरपासून प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, म्हणजे ६ जानेवारीपर्यंत, बारा दिवसांचा धरतात. इतक्या दिवसांत तीन संध्याकाळी सापडणार नाहीत? खरं तर २६ तारखेनंतर गेलेलं बरं. नाताळच्या आदल्या आठवड्यात वृद्धाश्रमांत भेट देणाऱ्यांची रीघ असते. सण सरला की तिथे कुणी फिरकत नाही.

आता गैरसमजांबद्दल. या एका मुद्द्यात कमिटीचं म्हणणं निदान अर्धं बरोबर आहे असं मला वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. आजारी माणूस दुबळा असतो. कैद्याला उठून जाता येत नाही. अशा माणसापुढे जाऊन त्याच्या असहायतेचा फायदा घेत श्रद्धा गळी उतरवणं हे पाप आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही. कुणी तसं करत असेल तर त्याला आपल्या गटात जागा नको. येशूचा शिष्य पेत्र याने बायबलमधल्या पहिल्या पत्रात लिहिलंय की तुमच्या आशेबद्दल जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यपणे, आदराने द्या. विचारील त्याला. न विचारणाऱ्याच्या उशाला पत्रक ठेवून या, असं तिथे नाही.

आपल्या गटाचा आजवरचा शिरस्ता मी जवळून पाहिला आहे. वॉर्डात शिरण्याआधी परवानगी. ज्याला नको त्याला हात जोडून पुढे. एकदा एका रुग्णाने आम्हाला पाहून भिंतीकडे तोंड केलं. आमच्या गटप्रमुखांनी बोट ओठांवर ठेवलं, आम्ही गाणं न म्हणता वॉर्डातून बाहेर आलो आणि व्हरांड्यात म्हटलं. कारागृहात फोन आणि पाकिटं फाटकावर जमा, गिटारची पेटी उघडून तपासणी, ठरलेली वेळ संपली की बाहेर. यात लपवण्यासारखं काय आहे? गैरसमज होतो तो झाकलेल्या गोष्टीचा. नियम लिहून काढा, ते रुग्णालयाला आणि कारागृहाला आधी पाठवा, आम्ही ते अक्षरशः पाळू. आपल्याबद्दल कुणी चुकीचं समजेल या धास्तीने आजाऱ्याला भेटणंच सोडायचं, तर मग देवदूताच्या पहिल्याच वाक्याचं काय करायचं? "भिऊ नका" असं तो म्हणाला, आणि पुढे जो मोठा आनंद सांगितला तो सर्व लोकांसाठी सांगितला.

एक दोष मात्र आपल्या बाजूला नक्की होता आणि कमिटीने त्यावर चकार शब्द काढला नाही. गेली काही वर्षं भेटींचे फोटो काढले जात होते. पायजम्यातला म्हातारा, ऑक्सिजनची नळी लावलेली बाई, शेजारी लाल टोपी घालून हसणारे आपण, आणि संध्याकाळपर्यंत तो फोटो व्हॉट्सॲपवर. हे ताबडतोब थांबलं पाहिजे. बंद करायचंच होतं तर हे बंद करायचं होतं.

पासबद्दल मी फार लिहिणार नाही. लूक लिहितो की त्यांना उतारशाळेत जागा नव्हती. त्या जन्माचा सण आपण पास दाखवून साजरा करणार. ज्याच्याकडे पास नाही त्याला फाटकावर थांबवायला स्वयंसेवक म्हणून शब्बाथ शाळेच्या मोठ्या मुलांची नावं काढली आहेत, असंही कळलं. बेथलेहेमातल्या जन्माच्या देवळाचं दार इतकं ठेंगणं आहे की कुणालाही वाकूनच आत जावं लागतं. ते ठेंगणं केलं ते घोड्यावर बसून कुणी आत घुसू नये म्हणून, असं सांगतात. पायी येणाऱ्याला तिथे आडकाठी नव्हती.

शेवटची तक्रार मुलांच्या नाटिकेची. मी ती बसवते आहे, म्हणून मला हे विशेष लागलं. समितीकडून निरोप आला की हेरोदाचा प्रसंग आणि मिसरला पळून जाण्याचा प्रसंग काढा, सणासुदीला जड वाटतो; मरियेचं गीतही लांब आहे, त्याचं पहिलं कडवं पुरे; शेवटी सांताक्लॉजला आणा म्हणजे मुलांना मजा येईल. मुलांना मजा यावी हे मलाही वाटतं. पण उरलं काय ते पाहा. मरियेच्या गीतात पुढे काय आहे? देवाने सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं, दीनांना वर उचललं, भुकेलेल्यांना भरवलं, धनवानांना रिकामं लावून दिलं. नेमकं तेवढंच लांब वाटलं. आणि हेरोद काढला की बाळाच्या येण्याने कुणाचं काय बिघडत होतं हेच कळत नाही. सैनिकांच्या भीतीने रातोरात परक्या देशात आसरा शोधणारं कुटुंब, हा नाताळचाच भाग आहे. जगात आज कितीतरी आईबाप लेकरं घेऊन अशाच वाटेने चाललेत. त्यांना सांताक्लॉजपेक्षा हा बाळ जवळचा वाटेल. ज्या संत निकोलसावरून सांता आला, तो चौथ्या शतकातला मायराचा बिशप. गुपचूप दान टाकून निघून जाण्याबद्दल त्याची ख्याती होती. स्टेजवर येऊन हात हलवण्याबद्दल नव्हती.

कमिटीतल्या एका सभासदांनी मला वैयक्तिक विचारलं, "दोन गाणी म्हणून असा काय फरक पडतो?" प्रश्न प्रामाणिक होता. माझ्याकडे आकडे नाहीत. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नाताळात, पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी जर्मन सैनिकांनी खंदकांच्या काठावर मेणबत्त्या लावल्या, गाणी म्हटली, समोरून ब्रिटिशांनी उत्तरादाखल गायली. माणसं खंदकांतून वर आली, मधल्या जमिनीत पडलेले आपापले मृत पुरले, एकमेकांना लहानसहान भेटी दिल्या. युद्ध थांबलं नाही. ते १९१८ च्या नोव्हेंबरपर्यंत चाललं, आणि पुढच्या वर्षी असं काही होऊ नये म्हणून वरिष्ठांनी सक्त हुकूम काढले. वरिष्ठांना त्या गाण्यांची धास्ती वाटली, एवढं तरी त्यावरून कळतं. त्या सैनिकांनी गाताना फरक किती पडेल याचा हिशेब केला असेल असं मला वाटत नाही. आपणही भेटीचा निकाल आधी मागू नये. विश्वासाने जायचं म्हणजे निकाल हातात नसताना जायचं. मेंढपाळांचं सांगणं ऐकून लोकांना आश्चर्य वाटलं, एवढंच लूक सांगतो. पुढे किती जणांनी मानलं ते सांगत नाही.

आता मागण्या.

१. गेल्या रविवारी वाचलेला ठराव स्थगित करावा आणि तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. कॅरल पार्टी कमिटीची नाही, मंडळीची आहे.

२. रुग्णालय, वृद्धाश्रम आणि कारागृह या तिन्ही भेटी २६ डिसेंबर ते ६ जानेवारी या काळात ठेवाव्यात. आवारातला कार्यक्रम रद्द करा असं मी म्हणत नाही. गायनवृंद तिथेही मनापासून गाईल.

३. भेटींचे नियम लिहून काढावेत: आधी परवानगी, लहान गट, हळू आवाज, पत्रकं नाहीत, प्रार्थना मागितली तरच, फोटो अजिबात नाहीत. हे नियम त्या त्या संस्थेला आधी कळवावेत.

४. पास रद्द करावेत. जागा कमी पडली तर सभासदांनी उभं राहावं आणि बाहेरून आलेल्यांना बसायला द्यावं. मी उभी राहीन.

५. कार्यक्रमाच्या खर्चाचा अंदाज नोटीस बोर्डावर लावावा.

६. मुलांच्या नाटिकेत हेरोद, मिसर आणि मरियेचं पूर्ण गीत ठेवावं. सांताला वेळ उरला तर बघू.

७. या पत्राला आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाच्या) पहिल्या रविवारच्या आत लेखी उत्तर द्यावं. तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो, त्यानंतर उत्तर आलं तर तयारीला वेळ राहणार नाही.

पाळकसाहेब, तुमच्याशी माझं भांडण नाही. मला बाप्तिस्म्याच्या तयारीचे धडे तुम्हीच दिलेत आणि कारागृहाच्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेले ती तुमच्याच मागून. कमिटीतल्या प्रत्येकाने मंडळीसाठी किती वेळ दिला आहे तेही मला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिलं, तुमच्याविरुद्ध कुणाला लिहिलं नाही.

कारागृहाच्या परवानगीला बरेच दिवस लागतात, त्यामुळे अधीक्षकांच्या नावाचा अर्ज मी तयार करून मंडळीच्या ऑफिसात ठेवला आहे. जाणाऱ्यांची यादीही जोडली आहे. सेक्रेटरींची सही आणि मंडळीचा शिक्का तेवढा राहिला आहे.

प्रभूच्या सेवेत आपली,
गायनवृंदातील एक सभासद आणि शब्बाथ शाळेची शिक्षिका